परसातल्या अंजिराची छाटणी आणि निगा: नव्याने झाड लावणाऱ्यांसाठी

अंजिराचं फळ नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येतं. छाटणीचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. जिथे नवी काडी फुटणार तिथेच फळ लागणार, आणि काडी कुठे फुटावी हे आपण कात्रीने ठरवू शकतो. छाटणी केली नाही तर झाड मरत नाही, उलट जोमाने वाढतं. पण नवी फूट फक्त शेंड्यांना येते. चार-पाच वर्षांत झाड गच्चीच्या उंचीला जातं, खालच्या फांद्या उघड्या बोडक्या राहतात आणि फळं हाताला न लागता बुलबुलांच्या वाट्याला जातात. ‘झाड मोठं झालं पण अंजीर खायला मिळत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा न झालेली छाटणी असते.

कधी छाटायचं

इंटरनेटवर अंजिराची छाटणी शोधली की बहुतेक ठिकाणी ‘हिवाळा संपताना, झाड निष्पर्ण असताना’ असा सल्ला मिळतो. तो थंड देशांसाठी बरोबर आहे. तिथे बर्फाच्या दिवसांत झाड झोपलेलं असतं. महाराष्ट्रात आपलं झाड हिवाळ्यात फळं वाढवत असतं. जानेवारी-फेब्रुवारीत कात्री चालवली तर हाताशी आलेलं पीकच कापलं जाईल.

पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, सासवडच्या आसपास, अंजिराचे दोन बहार धरतात. जूनच्या सुमारास छाटून पावसाळ्यानंतर फळं घेतात तो खट्टा बहार. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटून उन्हाळ्याच्या तोंडाला फळं घेतात तो मीठा बहार. नावांतच फरक कळतो. पावसाळी हवेत वाढलेल्या फळात गोडी कमी, आणि तांबेऱ्याचा (पानांवरचा बुरशीचा रोग) त्रास जास्त. घरच्या झाडासाठी मीठा बहारच धरावा. फवारण्या कमी लागतात, कापाच्या जखमा कोरड्या हवेत भरतात आणि फळ गोड होतं.

छाटणीपासून पहिलं फळ पिकायला साधारण चार ते साडेचार महिने लागतात. त्यावरून मागे मोजा. पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पंधरवडा ही वेळ चांगली. कोकणात आणि गोव्यात परतीचा पाऊस पूर्ण थांबू द्या, म्हणजे ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबरचा पहिला आठवडा. विदर्भात आणि खानदेशात उशीर करू नका. पारा चाळीसच्या वर गेला की अंजीर धड न भरताच पिकायला लागतं आणि साल चामट होते. तिथे पाऊस उघडताच, सप्टेंबरच्या मध्यापासून छाटणी केली तर बरीचशी फळं मार्चअखेर निघून जातात.

छाटणीआधी तीन-चार आठवडे वरून पाणी देणं बंद करा. पाऊस आपल्या हातात नाही, पण आळं मोडून बुंध्याजवळची माती वर-वर हलवून ठेवली की पाणी साचत नाही. पानं पिवळी पडून गळू लागली तर ते चांगलं लक्षण. झाडाने अन्न फांद्यांत साठवलं आहे आणि पुढची फूट जोरात येईल.

रोप आणि जागा

‘पुना अंजीर’ ही आपल्याकडची खात्रीची जात. ‘दिनकर’ हीसुद्धा महाराष्ट्रात लावतात. पुरंदरच्या जाधववाडीला अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र आहे. जवळपास राहणाऱ्यांनी रोपांची चौकशी तिथे करावी. पुना अंजिराला परागीकरणाची गरज नसते, एकटं झाडही फळ देतं. फुलं दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. अंजिराची फुलं फळाच्या आतच असतात, उंबरासारखी.

किराणा दुकानातल्या सुक्या अंजिराचं बी पेरून झाड करण्याच्या भानगडीत पडू नका. बी उगवतं, पण झाड आईसारखं निघत नाही. काही रोपं नर निघतात आणि त्यांची फळं खाण्याजोगी नसतात. कित्येक सुकी अंजिरं अशा जातींची असतात ज्यांना एक विशिष्ट बारीक गांधीलमाशी आत शिरल्याशिवाय फळ धरतच नाही. रोप छाट कलमाचं (काडी मातीत खोचून केलेलं) किंवा गुटी कलमाचंच (फांदीला झाडावरच मुळं आणून केलेलं) घ्या. विकत घेताना पिशवी थोडी उघडून मुळं बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर त्यांत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, असतात. असं रोप फुकट मिळालं तरी नको, कारण एकदा बागेत आलेले सूत्रकृमी जात नाहीत.

जागेला दिवसातून सहा-सात तास ऊन हवं. घराचा पाया, पाण्याची भूमिगत टाकी आणि सेप्टिक टँक यांपासून किमान ४ मीटर दूर लावा. मुळं ओल शोधत जातात आणि भेगेत शिरतात. माती मुरमाड, निचऱ्याची असावी. थोडी चुनखडी असली तरी अंजिराला चालते. भारी काळ्या जमिनीत मात्र पावसाळ्यात मुळं कुजतात. तशी जमीन असेल तर खड्डा खणण्याऐवजी गुडघ्याएवढा उंच वरंबा किंवा ओटा करा, त्यात निम्मा मुरूम मिसळा आणि त्यावर रोप लावा. चांगल्या जमिनीत २ फूट लांब, रुंद, खोल खड्डा पुरे. वरची माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड मिसळून भरून घ्या.

पहिली तीन वर्षं: सांगाडा

या काळात फळाचा मोह धरू नका. सांगाडा नीट बांधला की पुढची वीस वर्षं काम सोपं जातं.

रोपाने मूळ धरून ते कमरेएवढं झालं की जमिनीपासून ६० ते ७५ सेंमी उंचीवर शेंडा कापा. काळीज घट्ट करून कापा. कापाच्या खालून पाच-सहा फुटी येतील. त्यांतल्या तीन किंवा चार ठेवा. त्या चारी दिशांना गेलेल्या असाव्यात आणि एकाच उंचीवरून निघालेल्या नसाव्यात. दोन फांद्यांमध्ये हाताच्या पंजाएवढं अंतर असलं की पुढे फळांच्या भाराने सांधा चिरत नाही. बाकीच्या फुटी कोवळ्या असतानाच हाताने मोडा.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये या मुख्य फांद्या ३० ते ४० सेंमीवर कापा. काप घेताना वरचा डोळा (जिथून नवी फूट येते तो काडीवरचा उंचवटा) झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड केलेला असावा, म्हणजे नवी फांदी बाहेर पसरते आणि मध्ये ऊन शिरतं. तिसऱ्या वर्षी प्रत्येक मुख्य फांदीवर दोन-दोन उपफांद्या ठेवून त्याही तशाच आखूड करा. आता सहा-आठ काड्यांचं, मध्ये मोकळं, उघड्या छत्रीच्या आकाराचं झाड तयार होतं. ते साडेसहा-सात फुटांवर जाऊ द्यायचं नाही. स्टूल न घेता हात पोचेल एवढीच उंची.

छाटणीचा दिवस

हत्यारं तीन: धारदार सिकेटर (छाटणीची कात्री), बारीक दाताची करवत आणि चीक पुसायला जुनं फडकं. पाती स्पिरिटने पुसून घ्या. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसा.

अंजिराचा पांढरा चीक हलक्यात घेऊ नका. त्यातली सोरालेनसारखी द्रव्यं त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात, कधी फोड येतात. त्रास लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून लोकांना कारण कळत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. काम ऊन उतरल्यावर करा. चीक लागलाच तर साबणाने लगेच धुवा आणि तो भाग दोन दिवस झाकून ठेवा. लहान मुलांना छाटलेल्या काड्यांशी खेळू देऊ नका.

आता क्रम:

१. आधी वाळलेल्या, किडक्या आणि मोडक्या फांद्या काढा. सालीवर नखाने ओरखडा काढून बघा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेली.

२. बुंध्याजवळून निघालेले फुटवे आणि सरळ आकाशाकडे गेलेले लांबलचक पाणसोट मुळापासून काढा. पाणसोटाच्या पेरांतलं अंतर मोठं असतं, साल फिकट हिरवी असते आणि फळ जवळजवळ नसतं.

३. एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्यांपैकी एक काढा. कोणती ठेवायची याचा घोळ होत असेल तर बाहेर जाणारी ठेवा.

४. शेवटी गेल्या हंगामाच्या काड्या आखूड करा. ही खरी फळछाटणी. गेल्या वर्षीची काडी ओळखायला सोपी: तिची साल गुळगुळीत आणि तजेलदार असते आणि जुन्या, करड्या फांदीला जिथे ती जोडलेली असते तिथे कड्यांसारख्या बारीक वळ्या दिसतात. त्या वळ्यांपासून वर तीन ते पाच डोळे ठेवून बाकी कापा. अंगठ्याएवढ्या जाड, जोमदार काडीवर पाच डोळे. पेन्सिलीएवढ्या काडीवर दोन-तीनच. पेन्सिलीहून बारीक काडी ठेवू नका. ती फळ पेलत नाही.

काप डोळ्याच्या वर १ सेंमीवर आणि किंचित तिरका, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. अंजिराच्या काडीचा गाभा मऊ असतो. सपाट कापावर दव-पाणी थांबलं की कूज त्या गाभ्यातून खाली उतरते आणि डोळाही मरतो. उलट डोळ्याच्या वर दोन-तीन इंच खुंटी सोडली तर ती वाळते आणि खोडकिड्याला घर होते.

मनगटाएवढी फांदी काढायची असेल तर करवत थेट वरून चालवू नका. फांदी अर्धी कापली गेल्यावर स्वतःच्या वजनाने खाली येते आणि खोडाची साल सोलून नेते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश चीर द्या, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून फांदी पाडा, आणि उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याच्या कडेने सफाईने काढा. फुगवटा मात्र कापायचा नाही, जखम भरणारी साल तिथूनच सरकत येते.

राहिलेली पानं देठ ठेवून काढून टाका, म्हणजे सगळे डोळे एकाच वेळी फुटतात. खाली पडलेली पानं झाडाखाली आच्छादन म्हणून वापरू नका. तांबेऱ्याचे बीजाणू त्यांतच असतात. गोळा करून लांब न्या.

बोर्डो पेस्ट

अंगठ्याहून जाड प्रत्येक कापाला ही लावायची. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात रात्रभर प्लास्टिकच्या डब्यात भिजवा. दुसऱ्या डब्यात १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात विरवा, थंड होऊ द्या आणि गाळा. मग दोन्ही द्रावणं तिसऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात एकदम ओता आणि लाकडी काडीने ढवळा. आकाशी निळं दाटसर मिश्रण तयार होतं. त्यात चकचकीत विळा किंवा लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, ते कोवळ्या सालीला पोळेल. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालत जा. चीक पूर्ण थांबल्यावर, कापल्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रशने लावा. वाहत्या चिकावर पेस्ट धरत नाही. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा. उरली तर बुंध्याला जमिनीपासून दोन-अडीच फूट लावून टाका.

छाटणीने झाड एकदम उघडं पडतं, आणि नैऋत्येकडच्या फांद्यांची साल दुपारच्या उन्हाने तडकते. तिथे साधी चुन्याची सफेदी लावली तरी पुरते.

डोळा फुटत नसेल तर खाच

काडीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंड्यातून खाली येणारा संप्रेरकांचा प्रवाह त्यांना फुटू देत नाही. लांब, सरळ काडीवर मधले डोळे झोपलेले असतील आणि काडी कापायची नसेल तर पुण्याकडे जुनी पद्धत आहे: खाच पाडणे. आठ-नऊ महिन्यांची काडी घ्या. निवडलेल्या डोळ्याच्या बरोबर वर, अडीच सेंमी लांब आणि पाऊण सेंमी रुंद तिरकी साल धारदार चाकूने उचलून काढा. आतलं पांढरं लाकूड दिसलं की थांबा, लाकडात जाऊ नका. एका काडीवर तीन-चार डोळ्यांवरच खाचा पाडा, तेही एकाच रेषेत नकोत, नाहीतर काडी वाऱ्याने मोडते. खाच डोळ्याच्या खाली पाडली तर उलटा परिणाम होतो, हे लक्षात असू द्या. हे काम परंपरेने जुलैत करतात. ज्या भागात पावसाची झड असते तिथे उघडीप बघून करा.

छाटणीनंतरचे चार महिने

छाटणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आळं नीट करून खत-पाणी सुरू करा. जमिनीतल्या चार वर्षांपुढच्या झाडाला २० ते २५ किलो शेणखत, १ किलो निंबोळी पेंड आणि २५० ग्रॅम १०:२६:२६ खत एकदम द्या. महिन्याने १०० ग्रॅम युरिया, फळं वाटाण्याएवढी झाली की १०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. लहान झाडाला वयाप्रमाणे कमी. बुंध्याला चिकटून खत टाकू नका. फांद्यांच्या टोकाखाली जमिनीवर जे वर्तुळ पडतं तिथे चर काढून मातीआड करा, खाणारी बारीक मुळं तिथेच असतात. युरियाचा हात सैल सोडला तर झाड हिरवंगार, पानं सुपाएवढी आणि फळं मोजकी, असा प्रकार होतो.

आठ-पंधरा दिवसांत डोळे फुगून फुटतात. एका काडीवर चार-पाच फुटी आल्या तर दोन किंवा तीन ठेवा, बाकीच्या बोटाएवढ्या असतानाच मोडा. सगळ्या ठेवल्या तर गर्दी होते, आत ऊन जात नाही आणि फळं गळतात. नव्या फुटीची काही पानं उलगडली की बगलेत मोहरीएवढी अंजिरं दिसू लागतात. तेच पीक.

पुढे एक टप्पा असा येतो की नवख्या माणसाचा धीर सुटतो. अंजीर सुरुवातीला भराभर वाढतं, सुपारीएवढं होतं आणि मग कित्येक आठवडे जसंच्या तसं राहतं. झाडाला काही कमी पडतंय असं वाटून लोक जास्तीचं पाणी आणि खत ओततात. ते करू नका. या काळात आतल्या भागाची तयारी चालू असते. शेवटच्या आठवडाभरात फळ एकदम फुगतं, रंग बदलतं आणि त्यात साखर भरते. थांबलेल्या काळात ओतलेलं पाणी पुढे फळ तडकण्याच्या रूपाने दिसतं.

पाण्यात सातत्य महत्त्वाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठ्या झाडाला चार-पाच दिवसांनी २५ ते ३० लिटर, मार्चनंतर तीन दिवसांनी ४० लिटर, असा अंदाज धरा आणि मातीत बोटभर खोल बघून कमी-जास्त करा. आठ दिवस कोरडं ठेवून नवव्या दिवशी नळी सोडली की कच्ची फळं गळतात आणि पिकायला आलेली फाटतात. उसाचं पाचट किंवा वाळलेलं गवत तीन-चार इंच जाड पसरा, फक्त बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. पाणी पानांवर मारू नका.

काय बिघडतं

तांबेरा हा सगळ्यांत त्रासदायक रोग. पानाच्या खालच्या बाजूला पिवळट-तपकिरी भुकटीचे फोड येतात, बोट फिरवलं की पावडर लागते. पुढे पानं करपून गळतात. पानं गेली की फळ पिकतं पण गोड होत नाही, कारण साखर पानांतच तयार होते. दमट हवा, दाट झाड आणि पानांवरचं पाणी ही तीन कारणं. नव्या फुटीला चार-पाच पानं आली की १ टक्का बोर्डो फवारा: १ लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, विळ्याची परीक्षा इथेही. ढगाळ हवा टिकली तर १५ दिवसांनी पुन्हा. पानांच्या खालच्या बाजूने फवारा गेला पाहिजे, वरून मारण्यात अर्थ नाही. फळं रंग धरू लागली की फवारणी पूर्ण बंद.

बुंध्याजवळ किंवा फांदीच्या बेचक्यात लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा आत आहे. छिद्र शोधा, सायकलच्या आऱ्यासारखी लवचिक तार आत घालून अळी टोचून मारा, मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत ढकलून तोंड चिखलाने लिंपा. आठवड्याने नवा भुसा पडला का बघा. पडला असेल तर परत तेच. दुर्लक्ष केलं तर अख्खी फांदी वाऱ्याने मोडेपर्यंत पत्ता लागत नाही.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्यामागे मुंग्या असतात. आधी खोडावर चिकटपट्टी गुंडाळून मुंग्यांची वाट बंद करा. मग १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारा. मोजकी कीड असेल तर जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं.

फळ काढणी

अंजीर तोडल्यावर मऊ पडतं, पण त्याची गोडी वाढत नाही. केळी-आंब्यासारखं अढीत घालून चालत नाही. तयार फळाची मान झुकते, दाबलं तर मऊ लागतं, हिरव्या सालीवर तांबूस-जांभळी झाक येते आणि देठ मोडल्यावर चीक नाममात्र येतो. पांढरा चीक भळाभळा आला तर दोन दिवस घाई झाली. सकाळी लवकर, देठासकट, वरच्या बाजूला हलकेच मुरगळून काढा. हंगामात एक दिवसाआड फेरी हवीच. पक्षी आणि खारी आपल्याआधी पोचतात, म्हणून रंग बदलू लागलेल्या फळांना जाळीच्या छोट्या पिशव्या बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत वाफ धरून फळ आंबतं. काढलेलं फळ बाहेर जेमतेम एक दिवस टिकतं, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस.

कुंडीतलं झाड

गच्चीत अंजीर उत्तम येतं. मुळं थोडी कोंडलेली असली की फळ धरायला झाड नाराज नसतं. २०० लिटरचा ड्रम आडवा अर्धा कापून त्याला तळाशी सात-आठ भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग मुरूम किंवा जाडी वाळू, एक भाग शेणखत. छाटणी जमिनीतल्या झाडासारखीच, पण मुख्य फांद्या तीनच ठेवा आणि काड्यांवर दोन-तीन डोळे. नव्या फुटीला सात-आठ पानं आली की शेंडा खुडा. दर तीन वर्षांनी छाटणीच्या वेळीच झाड ड्रममधून काढून बाहेरच्या बाजूची दोन-तीन इंच मुळं आणि माती करवतीने कापा, नवी माती भरा. हे टाळलं तर पाणी वरून खाली नुसतं निघून जातं आणि पानं दुपारी रोज माना टाकतात.

वाढून गेलेलं जुनं झाड

पंधरा फुटी झाड एका दिवसात कमरेएवढं करण्याचा मोह होतो. झाड फुटतं, पण सगळे पाणसोट येतात आणि उघड्या खोडाची साल उन्हाने जाते. तीन वर्षांत करा. पहिल्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांत उंच एक तृतीयांश फांद्या जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर कापा, पेस्ट आणि सफेदी लावा. त्यांच्यावर येणाऱ्या फुटींतून दोन-दोन निवडा. पुढच्या वर्षी आणखी एक तृतीयांश, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेल्या. मधल्या काळात न कापलेल्या फांद्या फळंही देत राहतात.

ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्यांनी इथल्या तारखा वापरू नयेत. तिथे छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि आणखी एक काळजी: तिथल्या काही जातींचं पहिलं पीक गेल्या वर्षीच्या काडीच्या शेंड्याजवळ येतं. सगळे शेंडे कापले तर ते पीक बुडतं. म्हणून दरवर्षी निम्म्याच काड्या आखूड करा.

छाटलेल्या काड्यांची रोपं

निरोगी, पेन्सिल ते अंगठ्याएवढ्या जाड काड्या निवडा. २० ते २५ सेंमीचे, चार-पाच डोळ्यांचे तुकडे करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरका, म्हणजे लावताना वर-खाली चुकत नाही. सावलीत काही तास ठेवून चीक सुकू द्या. निम्मी माती, निम्मी वाळू भरलेल्या पिशवीत दोन तृतीयांश काडी आत जाईल अशी लावा आणि सावलीत ठेवा. माती दमट असावी, चिखल नको. तीन आठवड्यांत पानं फुटतील, पण ती काडीतल्या साठ्यावर फुटलेली असतात. मुळं अजून यायची असतात. उपटून बघितलं की कोवळं मूळ तुटतं. दीड-दोन महिन्यांनी पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की हळूहळू उन्हात आणा. ही रोपं उन्हाळा पिशवीतच काढू दे. जून-जुलैत चांगला पाऊस झाला की जमिनीत लावा.